मुठीतलं गवत

जालिंदरला पाण्यातलं सगळं कळायचं, मासे सोडून. बेलापुरात आणि आसपासच्या पाच-सात गावांत कुणाची मोटार जळाली, कुणाच्या विहिरीला पाणी असून वर चढेना, की माणूस सायकल काढून थेट त्याच्या दुकानी यायचा. जालिंदर नुसता पाईपला हात लावून सांगायचा, हवा धरलीय की जाळी तुंबलीय. एवढा मोठा कारागीर. पण भावजयीच्या घरातल्या तीन फुटी काचेच्या टाकीसमोर उभा राहिला की त्याचं डोकं चालेनासं व्हायचं.

टाकी त्याच्या धाकट्या भावाची, भीमराजची. दोघा भावांनी कामाची वाटणीच करून घेतली होती. थोरल्यानं वर मोटार बघायची, धाकट्यानं बुडी मारून तळाशी जायचं आणि फुटवॉलची जाळी साफ करायची. फुटवॉल म्हणजे पाईपचं पाण्यातलं तोंड. त्याच्या जाळीत गवत, चिंध्या, चिखल, काय वाटेल ते अडकतं. भीमराज वर येताना रिकाम्या हातानं कधी यायचा नाही. एखादं पाणगवत, एखादं रोपटं मुळासकट घेऊन यायचा आणि टाकीत लावायचा. "हे तिसगावच्या विहिरीतलं, हे राजूरकडच्या ओढ्यातलं, हे आपल्या कॅनॉलचं," असं तो बायकोला, भारतीला, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं सांगायचा. मासे थोडे आणि झाडं फार. फिल्टर नव्हताच. दर रविवारी दोन बादल्या पाणी बदललं की भागायचं.

भीमराजला जाऊन आठ महिने झाले होते. भारती शाळेत शिक्षिका, शेजारच्याच घरात एकटी राहायची. एका संध्याकाळी ती जालिंदरच्या दारात आली.

"दादा, टाकीचं पाणी गढूळ होतंय. गप्पींना पिल्लं झालीत, शंभर तरी असतील. मला सारखं पाणी बदलणं होत नाही. एखादा फिल्टर बसवून द्या. पण सौम्य हवा. झाडं हलता कामा नयेत, पिल्लं ओढली जाता कामा नयेत."

"त्यात काय लई अवघड हाय," जालिंदर म्हणाला. "उद्याच बसिवतो."

आता हा माणूस जन्मभर पाच आणि साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारींत वावरलेला. त्याच्या लेखी चांगलं पाणी म्हणजे पाईप भरून धाडकन पडणारं पाणी. जी मोटार पाणी फेकत नाही ती मोटार कसली? मुद्दाम हळू चालणारं यंत्र कुणाला हवं असेल, हे त्याच्या कल्पनेतच बसेना. म्हणून त्यानं आपल्या मतानं बारकं यंत्र शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी कूलरचा जुना पंप आणून टाकीत सोडला.

वीस मिनिटांत टाकीची रया गेली. राजूरचं रोप उपटून वर तरंगायला लागलं, तिसगावच्या लांब पाती सपाट झोपल्या, मासे एका कोपऱ्यात गोळा झाले. जालिंदर मात्र धारेवर खूश. "बघ, कसं पानी फेकतंय!"

भारती टाकीच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होती. जालिंदरनं तिकडं बघितलं आणि त्याची खुशी जिरली.

सगळी झाडं धारेबरोबर एका अंगाला कलली होती. एकच गवत, वीतभर उंचीचं, उलट्या अंगाला कललं होतं. धार त्याला मागं रेटत होती आणि ते धारेच्या तोंडावर पुढं झुकत होतं, पंपाच्या जाळीकडं. एक पान जाळीपाशी पोचलं, मग दुसरं. ती पानं जाळीत ओढली गेली नाहीत. ती जाळीवरून फिरली, आंधळं माणूस दाराची कडी चाचपतं तशी. मग घुर्र करून पंप बंद पडला.

जालिंदरनं प्लग काढून पंप वर उचलला. जाळीवर ते गवत घट्ट गुंडाळलेलं होतं, आणि त्याच्या कडेला पाच पिल्लं चिकटून मेली होती, तांदळाच्या कणीएवढी.

"ओढली गेली आणि सुटता आलं नाही त्यांना," भारती म्हणाली. एकेक पिल्लू बोटानं सोडवून तिनं तळहातावर घेतलं. "असलं मरण या घरात परत नको, दादा."

ते गवत कुठलं, हे जालिंदरला विचारावं लागलं नाही. भीमराजला विहिरीतून वर काढला तेव्हा ते त्याच्या उजव्या मुठीत होतं. लोक म्हणाले, फेकून दे, नदीला सोड. भारतीनं ऐकलं नाही. "त्या बिचाऱ्या गवताचा काय दोष?" असं म्हणून तिनं ते तांब्यात ठेवलं आणि पाचव्या दिवशी टाकीत लावलं. भारती असल्या गोष्टींना भिणारी नव्हती. भ्यायचं कारण जालिंदरला होतं.

त्यांच्या कामात एक नियम होता, बापानं घालून दिलेला. माणूस पाण्यात उतरायच्या आधी वरच्या माणसानं स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. उतरलेला माणूस वर येऊन स्वतःच्या तोंडानं 'लाव' म्हणत नाही तोवर ते कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत. विहिरीच्या मालकाच्याही नाही. आणि खिसा सख्ख्या माणसाचाच पाहिजे. वीस वर्षं दोघांनी हा नियम पाळला होता.

त्या दिवशी गहिनीनाथच्या उसाच्या रानातल्या विहिरीत भीमराज खाली होता. लाईट आली. ती दोन तासांत जाणार म्हणून रानातला गडी छगन घायकुतीला आला होता. जालिंदरनं खिशातले फ्यूज काढले, छगनच्या हातात दिले, "आलाच वर त्यो, लाव तू," म्हणाला आणि रस्त्याकडं चालू लागला. छगननं सांगितल्याप्रमाणे केलं. खाली भीमराजचा हात जाळीवर होता.

पोलिसांना जालिंदरनं वेगळंच सांगितलं. शर्ट काढून बाभळीला टांगला होता, त्याच्या खिशातले फ्यूज छगननं न विचारता घेतले, असं. छगन रडून ओरडून सांगत राहिला, पण सख्ख्या भावाचं सोडून गड्याचं कोण ऐकतो? आता श्रीरामपूरच्या कोर्टात केस उभी राहिली होती आणि येत्या मंगळवारी जालिंदरची साक्ष होती. तो तसंच बोलला की छगन आत जाणार. तो खरं बोलला तर भारतीचं दार त्याला कायमचं बंद होणार, आणि भीमराजचं म्हणून या जगात जे काही उरलं होतं ते त्या दाराच्या आतच होतं. आठ महिने जालिंदरनं स्वतःला समजावलं होतं की पोरगं सुटेल, वकील सोडवेल. माणूस स्वतःशी किती सफाईनं खोटं बोलतो, आणि त्याला साक्षीदारही लागत नाही.

शनिवारी तो एसटीनं नगरला गेला. माशांचं दुकान चालवणारा सम्राट म्हणून एक चष्मेवाला तरुण होता. जालिंदरनं टाकीची लांबी-रुंदी सांगितल्यावर तो म्हणाला, "बरं, आणि पाण्यात कोण कोण आहे?"

जालिंदरच्या तोंडचं पाणी पळालं. "कोन मंजे?"

"म्हणजे मासे हो. कुठले, किती?"

"गप्पी. पिल्लं हायेत. झाडं हायेत लई."

सम्राटनं तीन वस्तू काउंटरवर मांडल्या. पहिली प्लास्टिकची भोकाची ताटली. "ही खडीखाली राहते आणि पाणी खाली ओढते. झाडांची मुळं तिच्यात अडकतात, तुमच्या कामाची नाही." दुसरा काळा डबा. "याच्यात मोटार आहे. बटण फिरवून वेग कमी करता येतो. पण कमी केला तरी ओढतो तो ओढतोच." तिसरी वस्तू म्हणजे एका नळीला लावलेला स्पंजाचा गोळा आणि सोबत हवा मारणारा छोटा पंप. "हा घ्या. पाण्यात मोटारच नाही. पंप बाहेर राहतो, नळीतून हवा जाते, बुडबुडे वर चढतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी स्पंजातून सावकाश गाळून येतं. पिल्लं स्पंजावर बसून चरतात, इतका सौम्य. हवा थोडीच सोडा, म्हणजे झाडं डोलणारसुद्धा नाहीत."

जालिंदरनं तो गोळा दाबून बघितला. "ह्ये तर लेकराचं खेळनं हाय. ह्यानं कुठं पानी ओढतंय?"

"ओढायचं नाहीच आहे काका. गाळायचंय," सम्राट म्हणाला.

हे ऐकूनसुद्धा जालिंदरचा मोटारीवरचा जीव काही सुटेना. त्यानं काळा डबा घेतला, आणि सम्राटनं आग्रह धरला म्हणून स्पंजही घेतला. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर होती. राहुरीच्या पुढं गाडी एका फाटकापाशी थांबली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि सगळं शांत झालं. तेव्हा पिशवीतून बारीक गुणगुण ऐकू आली. जालिंदरनं पिशवीवर हात ठेवला. आत काहीतरी थरथरत होतं. शेजारची बाई डबा उघडून खुशाल भाकरी खात होती. मग इंजिन सुरू झालं आणि पुढं काही ऐकू आलं नाही.

रविवारी भर दुपारी तो भारतीकडं गेला. बाहेर ऊन रणरणत होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, त्याखाली भीमराजचा, आणि त्याखाली टाकी. जालिंदर टाकीसमोर उभा राहिला आणि थबकला. ते गवत आता कोपऱ्यात नव्हतं. मधोमध होतं, बरोबर त्याच्या छातीसमोर.

"तू हलिवलं का ह्ये?"

"नाही," भारती म्हणाली. "परवापासून ते सरकतंय. मला वाटलं मुळं पसरत असतील. तुम्ही शेजारी बोलत असलात ना दादा, की ते त्या भिंतीकडे कलतं." हे तिनं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

जालिंदरनं काळा डबा आतून काचेला लावला, बटण सगळ्यात खालच्या खुणेवर आणलं आणि प्लग लावला. मोटार अगदी हळू चालू झाली. झाडं हलली नाहीत. पिल्लंही नीट फिरत होती. त्याला वाटलं, सुटलो. तेवढ्यात गवतानं पान पुढं केलं. एक, दोन, तीन. जाळी झाकली आणि मोटार थांबली. त्याच क्षणी डोक्यावरचा पंखाही मंदावत बंद पडला. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "गेली रे लाईट!"

"बरं झालं," जालिंदर म्हणाला. "लाईट न्हाई तवर जाळी साफ करतो." त्यानं बाही वर सारली.

"थांबा." भारतीनं पुढं होऊन प्लग काढला आणि मुठीत घट्ट धरला. "हे नेहमी म्हणायचे, लाईटचा काही भरवसा नाही. पाण्यात हात घालणाराचं माणूस वर पाहिजे. घाला आता."

जालिंदरनं हात घातला. पाणी थंड होतं, विहिरीच्या तळाला असतं तसं, आणि वर तर एप्रिलचं ऊन होतं. बोटं जाळीपाशी पोचली. गवत बाजूला होईना. ते त्याच्या बोटांत शिरलं, मनगटावरून फिरलं. मग मोटार सुरू झाली.

घुंऽऽ असा आवाज, तोच, बसमधला. पंखा बंद होता. बटण सगळ्यात खालच्या खुणेवरच होतं. जालिंदरचा तळवा जाळीवर चिकटला आणि आत खेचला जाऊ लागला. एवढ्याशा डब्यात मावेल असा तो जोर नव्हताच. तो साडेसात हॉर्सपॉवरचा जोर होता. पाईपला हात लावून जोर ओळखणारा माणूस तो, त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

"भारती, प्लग! प्लग काढ!"

तिनं मूठ उघडून दाखवली. तिच्या तळहातावर प्लग होता. "माझ्याच हातात आहे, दादा. मी कुणाला दिलेला नाही."

ती घाबरून बोलली होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण ते वाक्य जालिंदरच्या छातीत रुतलं. त्यानं दुसऱ्या हातानं डबा उपटायला बघितलं, तो काचेचा भाग असल्यासारखा हलेना. टाकीतले सगळे मासे स्थिर झाले होते, लहान-मोठे सगळे, आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं होती.

"सांगतो," जालिंदर म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाच ठाऊक. "छगननं फ्यूज मागितले. सारखा मागं लागला हुता. म्या न्हाई न्हाई म्हनत हुतो..."

आवाज चढला. मनगटाचं हाड करकरलं. जालिंदर ओरडला.

भारती आता टाकीकडं बघत नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती. "फ्यूज तर शर्टात होते ना? बाभळीला?"

"न्हाई." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "शर्ट अंगातच हुता. म्याच दिले. माझ्या हातानं दिले. म्याच म्हनलो, आलाच वर त्यो, लाव. छगनचा काय बी दोष न्हाई. आन् म्या थांबलो बी न्हाई तितं. रस्त्याला गेलो."

"कशाला?"

"चहाला."

मोटार चालूच होती. भारती जवळ आली. तिचा आवाज अगदी खाली होता, वर्गातल्या पोराला विचारावा तसा.

"प्यालात?"

हे जालिंदरला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलानं नाही, बायकोनं नाही. मोटारीचा आवाज त्यानं हॉटेलच्या बाकावर बसून ऐकला होता. झालं काम, असं म्हणून त्याला बरंही वाटलं होतं.

"प्यालो," तो म्हणाला. "दोन कप."

आवाज थांबला. हात सुटला. गवत त्याच्या मनगटावरून उलगडलं आणि सरळ उभं राहिलं. जालिंदर खाली फरशीवर बसला, मनगटाभोवती जाळीची काळीनिळी नक्षी उठलेली.

भारती रडली नाही, ओरडली नाही. तिनं ओरडावं म्हणून जालिंदर वाट बघत होता. शेवटी तिनं काळा डबा काचेवरून काढला, तो आता हलक्या हातानं निघाला, आणि पिशवीतून स्पंज काढून टाकीत लावला. नळी जोडली. हवेचा पंप फळीवर ठेवला. जालिंदर सवयीनं मदतीला उठला तर तिनं हातानंच थांबवलं. लाईट आली तशी तिनं हवा अगदी थोडी सोडली. बुडबुडे एकामागून एक सावकाश वर जाऊ लागले. एकही पान हललं नाही. थोड्या वेळानं एक पिल्लू येऊन स्पंजावर टेकलं आणि चरायला लागलं.

"आठ महिने मी रात्री जेवताना छगनला शिव्या दिल्या," ती टाकीकडं बघत म्हणाली. "त्याची आई बाजारात समोर आली तर मी तोंड फिरवून घेतलं. तुम्ही माझ्या शेजारी उभे होता, दादा. पिशवी धरून."

"भारती, म्या..."

"घरी जा. आणि परत येऊ नका."

त्यानं दारातून मागं वळून बघितलं. टाकीतलं ते गवत त्याच्या बाजूला कललेलं नव्हतं. इतर झाडांसारखंच एक झाड झालं होतं. कुणीतरी आतापर्यंत आपल्याकडं बघत होतं आणि आता बघत नाही, एवढंच त्याला कळलं, आणि त्या बघण्यापेक्षा हे जास्त भयाण वाटलं. भीमराज आठ महिने त्या घरात होता. आता नव्हता.

मंगळवारी जालिंदर पहिल्या एसटीनं श्रीरामपूरला गेला. भारती वेगळ्या गाडीनं आली आणि शेवटच्या बाकावर बसली, छगनच्या आईशेजारी. मनगट झाकायला जालिंदरनं लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. पुकारा झाला. पिंजऱ्यात उभं राहून त्यानं शपथ घेतली. कारकुनानं मान वर न करता नाव विचारलं, वय विचारलं, धंदा विचारला. मग विचारलं, "मयताशी तुमचं नातं काय?"

जालिंदरला एवढंच सोपं वाटत होतं. पुढचं सगळं त्यानं रात्रभर घोकलं होतं, फ्यूज, बाभूळ, चहा, सगळं. या एका प्रश्नाचं उत्तर घोकायचं असतं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मोठ्यानं बोला," कारकून म्हणाला.

"भाऊ," जालिंदर म्हणाला. "सख्खा. फ्यूज माझ्याकडं हुते."